अठ्ठेचाळीस वेढे

रहिमतपूरला माझ्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दुकानात नियम एकच. वडील मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही.

मोजायचे ते तारेचे वेढे. विहिरीवरची मोटर जळून आली की तिच्यातली काळी पडलेली तार कापून काढायची. मग लाकडी फर्म्यावर नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे, त्याची कॉइल मोटरच्या खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. सगळी मदार वेढ्यांवर. जुन्या कॉइलला जेवढे होते तेवढेच नव्याला पाहिजेत. चुकलं तर लगेच काही होत नाही, हीच तर पंचाईत. मोटर सुरू होते, पाणी येतं, सगळे खूश होतात आणि आठवड्याभरात ती पुन्हा दुकानात येते. वडील म्हणायचे, "मोटर बोलत न्हाई, तापती."

ते उजव्या हातानं मशीनचा दांडा फिरवायचे, डाव्या हातातून तार सोडायचे आणि तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायचे. पहिल्या वेढ्याला मात्र 'एक' नाही, 'लाभ'. आमचे आजोबा बाजारात धान्य मापायचे. पहिलं माप टाकताना 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन, अशी त्यांची रीत. वडील धान्य सोडून लोखंडात आले, पण त्यांचा 'लाभ' काही सुटला नाही.

दारात गिऱ्हाईक आलं तरी वडील मान वर करायचे नाहीत. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं वर जायचं. आलेला माणूस बागायतदार असो, नाहीतर सुट्टीवर आलेला फौजी असो, तो दारातच थांबायचा. तिकडं ऊस पाण्याला आलेला असायचा, बाहेर टेम्पो खोळंबलेला असायचा, तरी चुळबुळ करत थांबायचा. मला त्या बोटाचा फार हेवा वाटायचा.

बारावी झाली आणि माझं लग्न ठरायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी वाइंडिंग शिकले. वडिलांनी शिकवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला मशीनवरून उठवलं नाही, एवढंच. सहा महिन्यांत माझी कॉइल त्यांच्या कॉइलशेजारी ठेवली तर कुठली कोणाची ते सांगता येत नव्हतं. मग एक दिवस मी मोजत असताना गिऱ्हाईक आलं, तेव्हा मीही ऐटीत बोट वर केलं. तो माणूस हसला आणि म्हणाला, "आगं पोरी, बाप कुठाय तुजा?" माझे तेवीस वेढे वाया गेले. असं एकदा नाही, लग्न होईपर्यंत झालं. एकही माणूस माझ्या बोटाला थांबला नाही.

लग्न होऊन मी सांगलीत आले, विश्रामबागेत. मिस्टर तेव्हा एका कंपनीत टर्नर होते, लेथवर. कायम नोकरी, दोन ड्रेस, दिवाळीला मिठाईचा पुडा. सासूबाई कॉलनीत सांगत फिरायच्या की आमचा पोरगा कायम आहे. मग कंपनीनं लेथ काढून कॉम्प्युटरवरची मशीन आणली आणि कायमचा माणूस कंत्राटात गेला. अकरा महिने काम, एक महिना घरी. दोन वर्षं ते सोसून मिस्टर वॉशिंग मशीन दुरुस्त करायला शिकले, पुढं एसीचं शिकले, आता कॉलेजांत आणि ऑफिसांत कॅमेरेही बसवतात. लोक हळहळतात. मला विचाराल तर मला मजा वाटते. एका माणसानं एका जन्मात चार कसबं शिकावीत, ही काय रडायची गोष्ट आहे? माझा भाऊ फौजेत गाड्या दुरुस्त करत होता, तो पेन्शन घेऊन आला आणि आता विजेवरच्या स्कूटरच्या बॅटऱ्या उघडून बसतो. हात तेच असतात, समोरची वस्तू बदलते.

मी घरामागच्या गॅलरीत पंख्यांच्या आणि मिक्सरच्या कॉइल गुंडाळायचे. कॉलनीतल्या बायका पंखा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "भावजींना सांगा, जरा लवकर करून द्या म्हणावं." भावजींनी जन्मात कधी पंखा गुंडाळलेला नाही. सुरुवातीला मी सांगायचे की काम मी करते. त्या "हो का?" म्हणायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा भावजींनाच निरोप द्यायच्या. शेवटी मी नाद सोडला. पण राग सोडला नाही, तो जपून ठेवला.

आणि घरात मोजणीचं काय सांगू. गॅलरीत मी शंभरावर पोचले की सासूबाईंना विचारायचं असायचं की कोथिंबीर निवडली का. मिस्टरांना स्क्रू ड्रायव्हर सापडायचा नाही. दारावर इस्त्रीवाला यायचा. मी बोट वर करायचे. त्या बोटाकडं बघत बघत सगळे बोलायचे. सुरुवातीला मी चिडून सगळी तार उलगडायचे, एकदा तर फर्मा भिंतीवर फेकून मारला. मग हळूहळू एक गंमत झाली. मला दोन्ही जमायला लागलं. तोंडात आकडे चालू राहायचे आणि कान सगळं टिपून ठेवायचे. वेढे संपले, तार बांधली की मी क्रमानं उत्तरं द्यायचे. कोथिंबीर निवडून डब्यात ठेवली आहे. स्क्रू ड्रायव्हर तुमच्याच खिशात आहे. इस्त्रीचे कपडे उद्या देते. तोपर्यंत इस्त्रीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असायचा, पण माझा आकडा जागेवर असायचा.

अलीकडं पंखे कमी झाले होते. नव्या पंख्यात तारेपेक्षा सर्किटच जातं आणि लोक पंखाच बदलतात. मी म्हटलं ठीक आहे, दुसरं बघू. तेवढ्यात मिस्टरांच्या मोबाइलवर त्यांच्या कारागिरांच्या ग्रुपमध्ये एक निरोप आला. जवळच्या साखर कारखान्याला मोटर वाइंडर पाहिजे. जुने मिस्त्री निवृत्त होणार होते. माणूस ठेकेदारामार्फत घ्यायचा होता आणि हातचं काम बघून घ्यायचा होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आता कोण करतं वाइंडिंग, सगळे सोलरला गेले.' मिस्टरांनी ते वाचून मला दाखवलं आणि गमतीनं म्हणाले, "बघ, तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही."

ते हसत होते, पण मी हसले नाही. तव्यावरची चपाती करपली तरी मला कळलं नाही. साखर कारखान्यात मोटरी असतात. पंख्याएवढ्या नाहीत, दोन माणसांना उचलत नाहीत अशा. आणि तिथं कोणी भावजींना निरोप देणार नव्हतं. काम माझं असेल आणि माझ्याच नावावर असेल. दोन वर्षं रहिमतपूरच्या दुकानात आणि वीस वर्षं गॅलरीत मला जे मिळालं नव्हतं ते तिथं होतं. मी म्हटलं, "अहो, मी जाते."

ठेकेदाराच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, "मिस्टरांना द्या की फोन." मी म्हटलं, "मिस्टरांना पाहिजे असेल तर देते, पण वाइंडिंग मला येतं." मग त्यानं बुधवारी सकाळी नऊला या म्हणून सांगितलं.

बुधवारी मी विश्रामबागेतून एसटीनं गेले. पिशवीत माझी कातर, बांबूची पट्टी, कापसाची नाडी आणि डबा. ऑफ सीझन होता, म्हणजे गाळप बंद आणि दुरुस्ती जोरात. ज्यांनी हंगामातला कारखाना पाहिला आहे त्यांनी एकदा हा पाहावा. गिरणीचे रोलर बाहेर काढून ठेवलेले, बॉयलरच्या पोटात माणसं शिरलेली, वेल्डिंगच्या ठिणग्या, पंप उघडे, सगळीकडं ठोकाठोक. मला तर जत्रेत आल्यासारखं झालं. दहा मिनिटं मी नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिले. वॉचमननं मला कँटीनची बाई समजून मागच्या दारानं जायला सांगितलं. मी पुढच्या दारानंच गेले.

मोटरच्या शेडमध्ये आम्ही सहा जण होतो. पाच पोरं आणि मी. पोरं आयटीआय झालेली, चुणचुणीत. चहा पिताना त्यांचं बोलणं ऐकून मला त्यांचा लळाच लागला. एक जण शिरवळच्या कंपनीत सात महिने होता, मग पुण्यात, मग घरी. दुसरा वाईच्या बाजूला सोलरचे पंप बसवत होता. तिसऱ्याला उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या मोटरी गुंडाळायच्या होत्या आणि त्यासाठी इथं हात बसवायचा होता. त्यानं खिशातून डबीएवढी मोटर काढून दाखवली. केसासारखी तार. मी म्हटलं, "हे मला पण शिकव." तो म्हणाला, "शिकवतो की काकू." काकू म्हटल्याचा राग मी त्या मोटरीपायी गिळला.

काम दिलं ते जुन्या मिस्त्रींनी. वाळका माणूस, खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. प्रत्येकानं तीन कॉइल करायच्या, प्रत्येक कॉइलला अठ्ठेचाळीस वेढे. मशीन हातानं फिरवायची, आकडा दाखवणारं काही नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आयटीआयच्या मशीनला काउंटर असतो, फिरवत जायचं आणि आकडा बघायचा. मिस्त्री म्हणाले, "हितला काउंटर कवाच मोडलाय. त्वांडानं मोजा."

मी दांडा हातात घेतला आणि बरं वाटलं.

तेवढ्यात इलेक्ट्रिकलचे साहेब आले. पस्तिशीचे असतील, सभ्य माणूस, पण घाईत. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा माणूस पॅड आणि पेन घेऊन. साहेबांना जेवणाआधी सगळं उरकायचं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की काम चालू असतानाच तोंडी प्रश्न विचारायचे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, पोरं मोजायल्यात. मागनं इचारा." साहेब म्हणाले, "अहो मामा, कामावर काय शांतता असते का? दोन्ही जमलं पाहिजे." मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहिले.

साहेब एकेकाजवळ जाऊन विचारू लागले. पोरांनी उत्तरं अशी झटपट दिली की मला वाटलं, आपलं काही खरं नाही. पण उत्तर देऊन झालं की पोराचा हात घुटमळायचा. सत्तावीस की अठ्ठावीस, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. मग अंदाजानं कुठूनतरी पुढं चालू. फक्त ड्रोनवाल्यानं सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो मला तेव्हाच आवडला.

साहेब माझ्याजवळ आले तेव्हा मी दुसरी कॉइल सुरू करत होते. लाभ, दोन, तीन.

"मॅडम, आधी कुठं काम केलंय?"

मी बोट वर केलं. सवयीनं गेलं ते. वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण साहेबांना बोट दाखवतो आहोत. पण आता खाली घेऊन काय उपयोग, म्हणून तसंच ठेवलं. नऊ, दहा, अकरा.

"काय, पाणी पाहिजे का?"

चौदा, पंधरा.

"स्टार आणि डेल्टा जोडणीत फरक काय?" ठेकेदाराच्या माणसाचं पेन थांबलं होतं. तेवीस, चोवीस. "मिस्टर काय करतात?" तीस. "मॅडम, ऐकायला येतंय ना?" मग साहेब ठेकेदाराच्या माणसाकडं वळून म्हणाले, "आणि या सुरुवातीला एक म्हणाल्याच नाहीत, ऐकलं का? लाभ, दोन, असं काहीतरी म्हणाल्या. पहिलाच वेढा चुकला." पॅडवर काहीतरी लिहिलं गेलं. मला दिसलं नाही, पण ते 'उत्तर नाही' असणार. बेचाळीस, त्रेचाळीस. माझे कान तापले होते. वीस वर्षांचा जपलेला राग वर आला होता. अठ्ठेचाळीस.

दुसरी झाली. मी मध्ये थांबले नाही. थांबले असते तर बोलले असते, आणि त्या रागात काय बोलले असते ते सांगता येत नाही. तिसरी पण घेतली. साहेब तोवर कंटाळून दाराकडं निघाले होते. मी तार कापली, नाडीनं तिन्ही कॉइल बांधल्या, पदराला हात पुसले आणि उठून उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "आधी रहिमतपूरला वडिलांच्या दुकानात काम केलं, मग वीस वर्षं घरी. पाणी नको. डेल्टात प्रत्येक फेजच्या वाइंडिंगला पूर्ण लाइनचा दाब बसतो, स्टारमध्ये कमी बसतो, म्हणून मोठी मोटर स्टारवर सुरू करून डेल्टावर नेतात. मिस्टर एसीच्या कामाला गेलेत. ऐकायला चांगलं येतं. आणि आमच्याकडं पहिल्या वेढ्याला लाभ म्हणतात. तो एकच असतो, चुकलेला नाही. पाहिजे तर उलगडून मोजा."

ड्रोनवाला पोरगा खुदकन हसला. मिस्त्री भिंतीपासून सुटले, पुढं आले आणि माझी दुसरी कॉइल, तीच प्रश्नांतली, त्यांनी उचलली. नाडी सोडली आणि एकेक वेढा उलगडत मोजायला लागले. तांब्याची तार टेबलावरून खाली लोळत होती.

साहेब म्हणाले, "मामा, मला असं वाटतं की..."

मिस्त्रींनी बोट वर केलं. मान वर नाही, डोळे वर नाहीत. नुसतं बोट.

साहेब गप्प झाले. वाक्य तोंडातच राहिलं. ठेकेदाराच्या माणसानंही पेन खाली केलं. सगळी शेड थांबली.

मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. रहिमतपूरचं बोट माझ्यासमोर होतं, डाव्याच हाताचं, तेवढंच वर. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच साहेबांना मी आत्ता बोट दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी मला पाणी विचारलं. बोटात काय फरक होता? मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं की ही नोकरी मला पाहिजेच. मोठ्या मोटरी, नाव, ते सगळं आहेच. पण मला या माणसाला एकदा थांबवायचं होतं.

"अठ्ठेचाळीस," मिस्त्री म्हणाले. मग बाकीच्या दोन उलगडल्या. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. मग पोरांच्या. कुणाच्या सत्तेचाळीस, कुणाच्या पन्नास, एकाच्या तीन कॉइलला तीन आकडे. ड्रोनवाल्याच्या दोन बरोबर, एक कॉइल एका वेढ्यानं जास्त. त्याचं तोंड उतरलं. मिस्त्री त्याला म्हणाले, "तू उलगडून परत घ्यातलंस. ते मी बगितलंय."

ठेकेदाराचा माणूस साहेबांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. बाई म्हणजे शेडमध्ये बायकांची सोय नाही, जड मोटरी, पाळ्या, उद्या काही झालं तर. मिस्त्रींनी ऐकलं. ते म्हणाले, "सोय हापिसात हाय की, पन्नास पावलांवर. मी म्हातारा दिवसातनं सात वेळा जातोय तितं. आणि मोटर मी बी कवा उचलली न्हाई. चेनब्लॉक कशाला टांगलाय?" साहेबांना हसू आलं. पण त्यांनी सांगितलं एवढंच की कळवू.

परत येताना एसटीत बसल्या बसल्या मी वडिलांना फोन केला. ते आता थकलेत, दुकान कधीच बंद झालं, पण फर्मे अजून माळ्यावर आहेत. मी भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती चुकलं?"

"एक बी न्हाई."

"मग रडतीस कशाला?" मी रडत नव्हते. आवाज तसा येत होता.

पाच दिवस काहीच कळलं नाही. घरात मी कोणाशी धड बोलेना. मिस्टर मला न सांगता एकदा कारखान्याच्या रस्त्यानं जाऊन आले, तिथं एसीचं काहीतरी काम होतं म्हणाले, पण तिथं त्यांचं काही काम नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मी गॅलरीत पंखा गुंडाळत बसले होते. पंख्याच्या कॉइलला चारशे वेढे. तीनशे दहाला असताना आत माझा मोबाइल वाजला आणि सासूबाईंनी घेतला. त्या तशाच गॅलरीत आल्या.

"आगं, कारखान्यातनं फोन हाय. तुला घ्यातलं म्हनं."

तीनशे अकरा, तीनशे बारा.

"ऐकलंस का? घ्यातलं म्हनं तुला. सोमवारपास्नं ये म्हनत्यात."

मी बोट वर केलं. दांडा आपोआप भरभर फिरायला लागला. सासूबाई फोन कानाला लावून पलीकडच्याला सांगत होत्या, "ऐकलंय तिनं, पण बोलंना झालीया. काय झालंय काय की." त्या नव्वद वेढ्यांइतका मोठा वेळ मी आयुष्यात काढलेला नाही. पण काढला. चारशे. तार बांधली, फोन घेतला, आणि "हो, येते" म्हटलं. मग मी सासूबाईंना मिठी मारली. तोवर आम्ही एकमेकींना कधी मारली नव्हती, त्यामुळं दोघींनाही नीट जमली नाही.

कारखान्याच्या पासवर माझं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे, 'पद: वाइंडर'. तो पास मिस्टरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्याच निरोपाच्या खाली. नोकरी कंत्राटी आहे, हे मला माहीत आहे. कायमचं काय असतं ते आमच्या घरानं एकदा बघून झालं आहे. ड्रोनवाल्या पोरालाही घेतलं, माझ्या हाताखाली. तो आता काकू म्हणत नाही, ताई म्हणतो. त्याची ती केसाएवढी तार मला अजून जमत नाही, पण मी सोडणार नाही. मिस्त्री महिनाभर आमच्याबरोबर राहिले. कुठल्या पंपाची कुठली मोटर कुठल्या महिन्यात रुसते, सगळं सांगितलं. बॉयलर पेटवायची पूजा झाली त्या दिवशी ते नारळ घेऊन घरी गेले आणि शेड आमच्यावर पडली.

मग हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली, हवेला मळीचा वास आला आणि सगळा कारखाना पायाखाली धडधडायला लागला. मला तो आवाज इतका आवडतो की रविवारी घरी चुकल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाण्याच्या पंपाची मोटर जळाली. जोडीचा पंप चालू केला होता, पण तो एकटा किती दम धरणार. मोटर शेडमध्ये आली, चेनब्लॉकनं उतरवली, पोरानं जुनी तार कापली, वेढे मोजून घेतले, मी पुन्हा मोजले. दुपारी मी नव्या कॉइल घ्यायला बसले. बाहेर पळापळ, शिट्ट्या, कोणीतरी कोणावर ओरडत होतं. मी माझ्या आकड्यांत होते.

साहेब तरातरा आले. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, "अहो मॅडम, किती वेळ लागेल, वरून सारखे फोन..."

माझं बोट वर गेलं.

साहेब थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ते दारात उभे होते, एक पाय आत, एक बाहेर. हातातला फोन वाजला, तो त्यांनी घाईनं बंद केला. मागून कोणीतरी काहीतरी विचारत आलं, तर त्याला त्यांनी हातानं गप्प केलं आणि हळूच सांगितलं, "थांब. त्या मोजतायत."

पोरगा माझ्याकडं बघत होता. माझा हात दांड्यावर होता, तार डाव्या हातात होती, बोट अजून वरच होतं. आणि माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता. सासूबाई, इस्त्रीवाला, साहेबांचे सगळे प्रश्न, नोकरीचा फोन, कशानं कशानं जो गेला नाही तो आकडा साफ गेला होता. एकोणतीस, की तीस, की एकतीस. मला काही केल्या आठवेना, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नव्हतं.

मी दांडा उलटा फिरवला. सगळी तार उलगडली, सरळ केली आणि पुन्हा फर्म्याला लावली. साहेब दारात तसेच उभे होते.

लाभ, दोन, तीन.